एकोणिसाव्या मजल्यावरील बिऱ्हाड

घराची किंमत विटा-चुन्यावरून ठरण्याचे दिवस मुंबईंत केव्हांच मागें पडले. आज येथें उंच इमारतींतील लहानसें घर विकलें जातें तें दोन गोष्टींच्या जोरावर. एक, खिडकींतून दिसणारा देखावा. आणि दुसरी, "थोडा फेरफार केलात कीं घर कसें पालटून जाईल" ही आशा. गंमत अशी कीं, या दोहोंपैकीं एकीचाहि उल्लेख खरेदीखतांत सांपडत नाहीं.

परळ भागांत एकोणिसाव्या मजल्यावर एक दिवाणखाना, एक निजावयाची खोली आणि स्वयंपाकघर एवढें बिऱ्हाड आम्हीं घेतलें, तेव्हां या दोन्ही गोष्टी आम्हांला मुबलक मिळाल्या. पूर्वेच्या खिडकीशीं उभें राहिलें कीं शिवडीचा किनारा दिसतो, बंदराचें पाणी दिसतें, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेला, सुमारें २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतु न्हावाशेव्याच्या दिशेनें धुक्यांत विरत गेलेला दिसतो. परंतु देखाव्यावर हक्क कोणाचाच पोंचत नाहीं. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्याप्रमाणें वीस वर्षें अखंड मिळालेल्या उजेडावर व वाऱ्यावर घरमालकास हक्क सांगतां येतो. डोळ्यांच्या सुखाची गोष्ट निराळी. इंग्लंडांत तर १६१० सालींच, ऑल्ड्रेड नांवाच्या गृहस्थाच्या खटल्यांत, देखावा ही आनंदाची बाब आहे, गरजेची नव्हे, सबब तो अडल्यास दावा चालत नाहीं, असें न्यायाधीशांनीं सांगून टाकलें आहे.

आशेची गोष्टहि अशीच. दलालानें आंत पाऊल टाकतांच स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केलें. "ही पाडा, साहेब, म्हणजे हॉल बघा कसा मोकळा होतो!" आमच्या गवंड्यानें मात्र आधीं ती भिंत बोटाच्या पेरांनीं ठोकून पाहिली. इमारत जुन्या पद्धतीची, म्हणजे भार खांब-तुळयांवर आणि मधल्या भिंती नुसत्या विटांच्या; तेव्हां संस्थेची व महापालिकेची परवानगी मिळाल्यास ती निघण्यासारखी होती. हल्लीं ॲल्युमिनियमच्या सांच्यांत ओतलेल्या मनोऱ्यांत आंतल्या भिंतीहि काँक्रीटच्या असतात व इमारतीचा भार वाहतात. तेथें हा विचारच मनांत आणावयास नको. शिवाय २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यांत चटईक्षेत्राची जी व्याख्या आहे, तींत घरांतील आडभिंतींखालची जागाहि धरलेली आहे. म्हणजे नव्या घरांत भिंत पाडा वा ठेवा, तिच्या पायाखालच्या जागेचे पैसे द्यावयाचेच!

दुसरी सूचना गॅलरी बंद करून खोलींत घेण्याची. ती न ऐकलेला घरमालक या शहरांत विरळा. पण येथीलच कंबाला टेकडीवर, १९८३ सालीं पुऱ्या झालेल्या कांचनजंगा इमारतींत, चार्ल्स कोरिया यांनीं नेमकें उलट केलें. मुंबईंत समुद्राचा देखावा पश्चिमेस, आणि दुपारचें ऊन व पावसाचा मारा हींहि तिकडूनच. म्हणून जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांचा धडा घेऊन त्यांनीं खोल, उंच गॅलऱ्या काढल्या व घर त्यांच्या आड ठेवलें. आमची गॅलरी त्यांपुढें अगदींच चिमुकली. तरी सकाळचें ऊन अंगावर घेते ती तीच.

हा सारा विचार चालूं असतां आमच्या मातुःश्री गांवाहून आल्या. लग्नानंतरचीं पहिलीं दहा वर्षें त्यांनीं लालबागेंतील चाळीच्या एका खोलींत काढलीं. वडील गिरणींत कारकून होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला, गिरणी थांबली, आणि पुढें बिऱ्हाड गांवीं गेलें तें कायमचें. आम्हीं टेबलावर पसरलेले नकाशे त्यांनीं चष्मा लावून पाहिले आणि विचारलें, "अरे, यांत माझें अंथरूण कुठें रे?"

दिवाणखान्यांत कोचाखालून ओढून काढण्याची खाट आम्हीं दाखविली. "म्हणजे सगळे निजले कीं पसरायचें, आणि सगळ्यांच्या आधीं उठून गुंडाळायचें," त्या म्हणाल्या. "चाळींत तेंच केलें. जमेल मला." स्वरांत तक्रार मुळींच नव्हती, म्हणूनच आम्हांला पुढें बोलवेना.

त्या रात्रीं आम्हीं व सौ.नें हिशेब निराळा मांडला. आम्ही दोघें सकाळीं आठांना बाहेर पडणार, तीं दिवे लागल्यावर परतणार. देखावा पाहण्यास वेळ असलेलें माणूस घरांत एकच. दुसऱ्या दिवशीं निजावयाची खोली मातुःश्रींची झाली, त्यांची खाट पूर्वेच्या खिडकीशीं लागली, आणि कोच आमच्या वांट्यास आला. स्वयंपाकघराची भिंत जागच्या जागीं आहे व गॅलरी उघडी आहे. फेरफार म्हणाल तर न्हाणीघराचा उंबरा काढला आणि तेथें धरावयास एक दांडी बसविली.

समोरच्या मोकळ्या जागेभोंवतीं हल्लीं पत्रे उभे राहिले आहेत; इमारत चढेल तसा सेतु दिसेनासा होईल. मातुःश्रींना त्याचें विशेष कांहीं वाटत नाहीं. सकाळचा चहा घेऊन त्या खिडकीशीं बसतात, खालीं छपरांच्या गर्दींत एक जुनें धुराडें शोधतात, आणि तेथून बोट सरकवीत चाळीची जागा आम्हांला दाखवितात.