हवा खेळती हवी

संगणकाचे सारे अवयव ज्या पत्र्याच्या पेटीत बसवतात तिला इंग्रजीत ‘केस’ म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द सोयीचा नाही. केस म्हटले की आपल्याला एक तर डोक्यावरचे आठवतात, नाहीतर कोर्टातले. आणि चाळिशी उलटल्यावर दोन्ही विषय नकोसे होतात. आपल्या बाजाराने तिला ‘कॅबिनेट’ म्हणायचे ठरवले आहे. त्यामुळे ‘तीन हजारांत चांगले कॅबिनेट मिळेल का?’ असे आमच्या चिरंजीवांनी जेवताना विचारले, तेव्हा प्रश्न मंत्रिमंडळाचा नाही हे कळायला मला दोन घास लागले.

चिरंजीवांनी वर्षभर सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवून पैसे साठवले होते. त्यातून खेळांसाठीचा संगणक स्वतःच्या हाताने जुळवायचा, असा बेत. आमच्या हिला तो मुळातच पसंत नव्हता. शिकवून मिळवायचे आणि खेळून घालवायचे! त्यात पुन्हा रिकाम्या डब्याला तीन हजार? आमच्या गव्हाच्या डब्यालाही एवढे पडले नव्हते.

पण खेळांचा संगणक ही लहानशी भट्टीच असते. त्यातले ग्राफिक्स कार्ड रंगात आले की एकटेच दीडदोनशे वॅट वीज खाते, आणि खाल्लेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता होते. ती बाहेर गेली नाही तर यंत्र आपला वेग आपणच कमी करते. महागडे कार्ड कोंदट पेटीत ठेवणे म्हणजे गवयाला माळ्यावर कोंडून तान मागणे. नेरूळला घर घेताना आम्ही दलालाला पहिला प्रश्न विचारला होता, हवा समोरासमोर खेळते का? पेटीलाही तोच विचारायचा. पुढून दोन पंख्यांनी हवा आत घ्यावी, मागच्या एकाने बाहेर फेकावी. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून बाहेर पडत राहते, आणि धूळ पुढच्या गाळणीपाशीच बरीचशी अडते. ही गाळणी काढून धुता येते. सायन-पनवेल रस्त्याची धूळ आणि खाडीचा दमटपणा दोन्ही ज्यांच्या वाट्याला आले आहेत, त्यांनी एवढे तरी पाहून घ्यावे.

चिरंजीवांच्या वहीत मापेही होती. मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे २४४ मिलिमीटर चौरस. इंटेलने १९९५ मध्ये आखलेल्या ३०५ मिलिमीटरच्या एटीएक्सचा हा धाकटा भाऊ. कार्डाची लांबी २४५, प्रोसेसरवरच्या कूलरची उंची १५५. शिवाय कार्डाची जागा मोजताना पुढच्या पंख्याची २५ मिलिमीटर जाडी वजा केली आहे की नाही, हे विचारायचे. इतक्या बारकाईने आमची पत्रिकाही कोणी जुळवली नव्हती.

या खरेदीसाठी हार्बरने कुर्ला, तिथून दादर आणि दादरहून ग्रँट रोड असा प्रवास करून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे नाव केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले. पण १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेले लॅमिंग्टनसाहेब काही लोकांच्या जिभेवरून उतरायला तयार नाहीत.

दुकानात एक काचेचे कॅबिनेट मांडले होते. समोर काच, बाजूला काच, आत इंद्रधनुष्य गरगरावे तसे चार पंखे. किंमत ५,२०० रुपये. चिरंजीव त्यापुढे उभे राहिले. तो पाच वर्षांचा असताना खेळण्यांच्या दुकानापुढे असाच गप्प उभा राहायचा. हट्ट करायचा नाही, आणि म्हणूनच खेळणे घ्यावे लागायचे. मग त्याने काचेच्या कडेशी बोट नेले. हवा आत यायला जेमतेम बोटभर फट होती. शेजारी काळे, पुढे नुसती जाळी असलेले, दिवेबिवे काही नसलेले दुसरे होते, ३,१०० रुपयांचे.

“काका, हे घ्या. २,६०० मध्ये एसएमपीएससकट,” दुकानदाराने तिसरेच पुढे केले. वीज पुरवणारा हा ठोकळा असा फुकटात पदरात पडला की जपून राहावे, असे चिरंजीवांनी मला आधीच पढवून ठेवले होते.

“काचेचे घे. वरचे पैसे मी घालतो,” मी म्हणालो.

“घालायचेच असतील तर चांगल्या एसएमपीएसला घाला, बाबा. तो बिघडला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो.”

मी ते तिकडे घातले. मुलगा शहाणा झाल्याचा आनंद झालाच; पण त्याचा एखादा हट्ट पुरवायची संधी यापुढे फारशी मिळायची नाही, हेही त्या गर्दीत मनाला लागून गेले.

येताना खोके लगेजच्या डब्यात, भाजीच्या पाट्यांमध्ये उभे केले. एका मावशींनी “टीव्ही का?” म्हणून चौकशी केली. चिरंजीवांनी वाशीपर्यंत त्यांना सगळे समजावून सांगितले.

घरी हिने टेबलाखालचा बंद कप्पा रिकामा करून ठेवला होता, म्हणजे ते ध्यान पाहुण्यांच्या नजरेस पडू नये. पण तिथे हवा कुठली? तळातूनही एसएमपीएसला हवा लागते, म्हणून शेवटी कॅबिनेट जावयासारखे पाटावर बसले. गाळणी महिन्याला धुवायची असते, असे चिरंजीव म्हणाले. ती कोण धुणार, हे त्याच्या आईने पहिले बटण दाबण्यापूर्वीच त्याच्याकडून वदवून घेतले.