समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना

'समुपदेशन' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला त्याला फार वर्षे झालेली नाहीत. शब्द भारदस्त आहे. परंतु त्याच्या पोटात 'उपदेश' दडलेला असल्यामुळे ऐकणाऱ्याचा पहिल्याच क्षणी गैरसमज होतो. कोणीतरी आपल्याला समोर बसवून शहाणपणाच्या चार गोष्टी सांगणार, आपले कुठे चुकले ते दाखवून देणार, अशी मनाची समजूत होते आणि पाऊल उंबरठ्यातच अडखळते. उपदेशाची तर आपल्याकडे वाण नाही. घरातील वडीलधारे, शेजारी आणि सोयरेधायरे तो विनामूल्य वाटतच असतात. मग त्यासाठी एसटीचे तिकीट काढून वाशिमला कशाला जायचे? हा प्रश्न आमच्या घरात प्रत्यक्ष विचारला गेला होता. तेव्हा जे पाहिले आणि जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर आणि खरिपाची सारी भिस्त सोयाबीन व तुरीवर. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस कोसळला. मालेगाव तालुक्यात आमचा धाकटा भाऊ शेती करतो. त्याच्या शेतात रचून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुड्या भिजल्या आणि शेंगांना कोंब फुटले. नुकसान गावात सर्वांचेच झाले. इतरांनी हरभरा पेरला आणि ते पुढच्या कामाला लागले. धाकटा मात्र थांबला. रात्री दोन वाजता अंगणात येरझाऱ्या घालायचा; ताटातले अन्न ताटातच राहायचे; पोराने हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखा बसून असायचा. पंधरा दिवस असे गेले तेव्हा भावजयीने आम्हा उभयतांना निरोप धाडला.

समुपदेशनाचा मार्ग आम्ही सुचवला नाही. तो गावातल्या आशाताईंनी सुचवला. शेतकरी आत्महत्यांच्या छायेखालील विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्या जिल्ह्यांत वाशिमचाही समावेश होता. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन झोप, भूक, उदासपणा यांची चौकशी करावी आणि गरज दिसेल त्याला उपचारापर्यंत पोहोचवावे, अशी ती योजना. धाकटा मात्र ऐकेना. "दादा, मले काई येड लागलं नाई. सोयाबीन सडलं, ते डाक्टर कसं चांगलं करंन?" असे तो म्हणाला. आम्हाला उत्तर सुचेना. भावजय मात्र शांतपणे म्हणाली, "पैसे मांगाले नाई जाचं. झोप मांगाले जाचं हाय." तेवढ्या एका वाक्यावर तो उठला.

वाशिमच्या सरकारी दवाखान्यात जे घडले त्यात भीतीदायक असे काहीच नव्हते. इतर कोणत्याही आजारासाठी काढतात तसा केसपेपर काढला आणि रांगेत बसलो. शेजारी परीक्षेच्या धास्तीने आजारी पडलेली कॉलेजातील मुलगी होती, दारू सोडू पाहणारा एक गृहस्थ होता, नातवाला घेऊन आलेली आजी होती. कोणाच्या कपाळावर काही लिहिलेले नव्हते. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्यातला फरक तेथेच आम्हाला कळला. समुपदेशक बोलण्या-ऐकण्यातून मदत करतात. मानसशास्त्रज्ञ त्याखेरीज मनाच्या चाचण्याही घेतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध लिहून देतात. पहिल्या भेटीत गोळ्या मिळतीलच असे नाही, आणि मिळाल्या म्हणजे आपण वेडे ठरलो असेही नाही.

समुपदेशक बाईंनी आम्हा सर्वांना आत बोलावले, दहा मिनिटे सर्वांशी बोलल्या आणि मग नम्रपणे म्हणाल्या, "आता तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा." समुपदेशनाची खरी कसोटी रुग्णाची नसून घरच्यांची असते, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले. कर्जाचा आकडा आम्हाला ठाऊक, पेरणीची तारीख आम्हाला पाठ. सारे काही नीट सांगायला आम्ही सिद्ध होतो. पण बाईंना माहिती हवी होती ती धाकट्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत आणि त्याच्या गतीने. तो अडला तर अडू द्यायचा होता. घरात त्याचे वाक्य पुरे करायला आम्ही चारजण सदैव तयार असायचो; तेथे ते पुरे होण्याची वाट पाहणारे कोणीतरी त्याला प्रथमच भेटले होते. आम्ही बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसून होतो. सोबत जाणाऱ्याने कोणते काम करायचे असते, असे कोणी आज विचारले तर आम्ही सांगू, की बाहेर बसायचे. ते दिसते तितके सोपे नाही.

आत काय विचारले गेले ते धाकट्याने नंतर आपणहून सांगितले. झोप किती लागते, जाग केव्हा येते, भूक कशी आहे, शेतात मन लागते का, दारू किंवा तंबाखू किती, पूर्वी असे कधी झाले होते का, घरात कोणाशी मोकळेपणी बोलता येते. प्रश्न साधे होते. उत्तर द्यायचे नसेल तर "आज नको" असे म्हणायची मोकळीक होती. काय बोलावे याची तयारी करून जावे लागत नाही. "कुठून सुरुवात करू ते कळत नाही" एवढे वाक्यही पुरते. मग बाईंनी आवाज न बदलता विचारले, "जगणे नकोसे वाटते का? जीव देण्याचा विचार मनात येतो का?" असा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. वस्तुतः तसे होत नाही, हे या क्षेत्रातील अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. विचारल्याने कोंडलेले बाहेर पडायला वाट मिळते. धाकट्याच्या घशात आठवड्यांपासून अडकलेला हुंदका त्या प्रश्नापाशी फुटला. त्याने "हो" म्हटले.

येथे गोपनीयतेचा मुद्दा येतो. मानसिक उपचारांबाबतची माहिती गुप्त राहणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नमूद केले आहे. आपण बोललेले गावात फुटत नाही. अपवाद असतो तो जिवाला धोका असेल तेव्हा, आणि बाईंनी तो लपवला नाही. धाकट्याला विचारून त्यांनी आम्हाला पुन्हा आत बोलावले आणि दोनच गोष्टी सांगितल्या: काही दिवस त्याला एकटे झोपू देऊ नका, फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. बाकी तो जे बोलला होता त्यातले एक अक्षरही आम्हाला सांगितले नाही. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांनीही त्याला तपासले.

आपल्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध बाईंनी आम्हाला पुढे विचारले, "फादरांकडे पापनिवेदन केले असते तर हे सारे कशाला लागले असते?" प्रश्न प्रामाणिक होता. पापनिवेदनात आपण अपराध सांगतो आणि क्षमा मिळवतो. तेथील गुप्ततेला अपवादच नाही. पण झोप न येणे हा अपराध नव्हे, आणि आजाराला क्षमेची नव्हे, उपचाराची गरज असते. दोन्ही दारे एकमेकांच्या आड येत नाहीत. जगणे नकोसे झालेला एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन ऐकवले नाही. भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले. समुपदेशकाने पहिल्या भेटीत आधी झोपेची आणि भुकेची चौकशी करावी, यात आम्हाला म्हणूनच काही परके वाटले नाही.

पहिल्या भेटीने चमत्कार होत नाही. त्या संध्याकाळी धाकटा अधिकच थकलेला दिसत होता. मनातले बाहेर काढल्यावर काहींना हलके वाटते, काहींना गळून गेल्यासारखे. दोन्ही स्वाभाविक आहे. उदासपणावरील औषधांचा गुण यायला बहुधा काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात. धाकटा आठवड्याने पुन्हा गेला, मग पंधरा दिवसांनी. जानेवारीत त्याला सलग झोप लागू लागली. कर्ज तेवढेच होते. पण बँकेच्या पायऱ्या चढून जाण्याचे बळ त्याच्यात आले होते. हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्याची अनुमती घेतली. "लिवा," तो म्हणाला, "पण बाईनं मले उपदेश केला नाई, थे नक्की लिवा."

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० जणांना मानसिक आजार असल्याचे आढळले. आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. हा आकडा आपल्या मिस्सेच्या बाकांवर मांडून पाहावा, म्हणजे हा विषय दुसऱ्या कोणाचा नाही हे ध्यानात येईल. वाशिमपर्यंत जाणे तत्काळ जमणारे नसेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून तेथे मराठीतून बोलता येते. आणि एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्याकडे जाण्यात कसलाही अपमान नाही.

वाचकहो, आपल्या घरात कोणी बोलेनासे झाले असेल, तर त्याला शब्द पुरवायची घाई करू नये. सोबत जावे, केसपेपर काढून द्यावा आणि दार लागले की बाहेर बसावे. आत बसलेला माणूस आपलाच आहे. बोलण्याची पाळी मात्र त्याची आहे.