वडिलोपार्जित नाण्यांची वांटणी

द्रव्य वारशानें मिळतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या नाण्यास बाजारांत आज कोणी विचारीत नाहीं, तेंही वारशानें मिळतें, आणि त्याची वांटणी शेताच्या वांटणीहून अवघड होऊन बसते. तीर्थरूपांच्या पश्चात् आम्हां तिघां भावंडांपुढें जुन्या नाण्यांचा एक पत्र्याचा डबा आला, तेव्हां ह्याचा आम्हांस प्रत्यय आला.

त्यांतील पहिलीं नाणीं आजोबांनीं जमविलेलीं. ते मिशनचे उपदेशक होते. त्या काळीं सोलापूर इंग्रजी अमलाखालीं, तर लगतचीं नळदुर्ग व तुळजापूर निजामाच्या राज्यांत होतीं. त्यामुळें सरहद्दीवर इंग्रजांचा 'कलदार' व निजामाचा 'हाली' असे दोन रुपये चालत. सहा कलदारांस सुमारें सात हाली असा भाव असे. खेड्यांतील उपासनेंत दानाच्या थाळींत हाली नाणें पडलें, कीं आजोबा तेवढ्याच मोलाचें कलदार नाणें पदरचें घालीत व तें ठेवून घेत, असें वडील सांगत. त्यांतील एका रुपयावर चारमिनार असून, त्याच्या कमानींत उस्मान अलींच्या नांवाचें आद्याक्षर आहे. वडिलांनीं भोंकाचा पैसा ठेवला. १ एप्रिल १९५७ रोजीं ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला, तेव्हांचीं कोरीं नाणींही ठेवलीं. ३० जून २०११ पासून २५ पैशांपर्यंतचीं नाणीं चलनांतून गेलीं. त्यांची भर मीं घातली.

धाकट्या बंधूंस मुलीच्या कॉलेजची फी भरावयाची होती. चांदीचे रुपये सराफास द्यावे, असें ते म्हणाले. गरज खरी होती. पण सराफाच्या तराजूंत राणीचा रुपया काय आणि निजामाचा काय, दोन्हीं केवळ चांदी. शेवटीं आक्का म्हणाली, "आजोबांनीं दान बुडविलें नाहीं आणि नाणेंही मोडलें नाहीं. आपणही तसेंच करूं." मग एकाच छापाचे जे अनेक रुपये होते ते विकून फी भरली, आणि प्रत्येक प्रकारचें एकेक नाणें राखून डबा त्या मुलीच्याच स्वाधीन केला. आतां ती आम्हां प्रत्येकास विचारून नाण्यागणिक एक चिठ्ठी लिहीत आहे.

नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपान राजाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर त्यास जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप उठविलेला आहे. जेत्यानें जुनें नाणें वितळविलें नाहीं, म्हणूनच दोघांचा इतिहास एका नाण्यावर वाचतां येतो. घरच्या संग्रहाचेंही असेंच आहे. प्रत्येक पिढीनें आपली खूण जोडावी, आधींची पुसूं नये.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीं असा डबा असेल तर नाणीं चिंचेनें घांसून लखलखीत करूं नका. त्यानें अक्षरें झिजतात व नाण्याची किंमतही उतरते. त्याऐवजीं घरांतील वृद्धांजवळ बसा, आणि कोणतें नाणें कोणाच्या हातून, कोठून आलें, हें विचारून लिहून ठेवा. राजाचें नांव नाण्यावर असतेंच. आजोबांचें नांव मात्र आपणच लिहिलें पाहिजे.