दूरची सेवा आणि जवळची

आमच्या मंडळीच्या तरुण संघांतील आम्ही अकरा जण सन २०२३ च्या डिसेंबरांत सेवेसाठीं कोलकात्यास जाऊन आलों, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. ही शाळा सोडून मला तीन वर्षें झालीं होतीं. तरीहि वार्षिक अंकासाठीं त्या प्रवासाविषयीं कांहीं लिहावें, असा गुरुजींचा निरोप आला, तेव्हां 'नाहीं' म्हणवेना. प्रवासवर्णन लिहावें म्हणून बसलों खरा. पण हातून निराळेंच लिहिलें गेलें. तें जसें आहे तसेंच आपल्यापुढें ठेवितों.

प्रथम घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या आजोबांच्या उजव्या अंगावरून दोन वर्षांपूर्वीं वारें गेलें होतें. तेव्हांपासून ते अंथरुणास खिळून होते. त्यांस भरविणें, अंग पुसणें, कूस बदलणें, कपडे धुणें, हें सर्व माझी आई करी. मी सकाळीं बाहेर पडतांना दारांतूनच "आजोबा, बरें आहे ना?" असें विचारीत असें, आणि उत्तराची वाट न पाहतां निघून जात असें. त्या खोलींतला वास मला सहन होत नसे. आईस त्यांना एक वाटी भात भरवावयास पाऊण तास लागे. त्यामुळें माझ्या जेवणास उशीर होई आणि मी चिडत असें. हें लिहितांना लाज वाटते. पण हें वगळलें तर पुढचें कांहींच खरें राहणार नाहीं.

निघण्यापूर्वीं मंडळींत सभा झाली. पाळकसाहेबांनीं बेत सांगितला. तेव्हां एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "बाळांनो, एवढें गाडीभाडें खर्चून इतक्या दूर कशाला जातां? आपल्या नगरांत दुबळीं माणसें नाहींत काय?" उत्तर द्यावयास मीच उभा राहिलों. वाटेंत जखमी पडलेल्या परक्या माणसास उचलणारा शोमरोनीहि आपलें घर सोडून प्रवासासच निघाला होता, असें मीं सांगितलें. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. गृहस्थ कांहीं न बोलतां खालीं बसले. आई मागच्या बांकावर होती. घरीं जातांना तिनें इतकेंच विचारलें, "शिदोरी किती दिवसांची करूं?"

आझाद हिंद एक्स्प्रेसनें आम्ही दोन रात्री आणि एक दिवस प्रवास केला. मनमाड, नागपूर, रायपूर, बिलासपूर हीं स्टेशनें मागें पडलीं आणि पहांटेच्या अंधारांत हावड्यास उतरलों. समोर हुगळी नदीवरचा तो अजस्र लोखंडी पूल दिसला. तो १९४३ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्यावरून डोक्यावर ओझीं घेऊन चाललेली माणसांची रीघ पाहून आमच्यांतील सर्वांत बडबड्या मुलाचीहि वाचा बंद झाली.

मदर तेरेसांच्या भगिनींच्या मुख्य गृहांत आमचीं नांवें नोंदविलीं गेलीं. मदरांची कबर त्याच घरांत तळमजल्यावर आहे. प्रार्थनागृहांत वधस्तंभाशेजारीं प्रभूच्या तहानेचा तो दोन शब्दांचा उद्गार लिहिलेला आहे. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळीचे. त्यांच्या उपासनेची रीत आम्हांस अपरिचित. पण सकाळीं चहा, पाव आणि केळें हातीं देतांना त्या भगिनींनीं आमचा पंथ विचारला नाहीं.

आम्हां मुलग्यांस कालीघाट येथील 'निर्मल हृदय' या घरीं पाठविण्यांत आलें. कालीमंदिराच्या लगतची ही यात्रेकरूंची धर्मशाळा तेथील महापालिकेनें मदरांस दिली आणि १९५२ च्या ऑगस्टांत तेथें मरणोन्मुख निराधारांसाठीं हें घर सुरू झालें. त्या काळीं माणसें रस्त्यांच्या कडेला बेवारशी मरत. त्यांस बरें करतां आलें नाहीं, तरी निदान स्वच्छ अंथरुणावर, कोणाच्या तरी सोबतींत प्राण सोडतां यावा, एवढाच मूळ हेतु होता. आंत बसक्या खाटांच्या रांगा आहेत; पुरुषांचा कक्ष निराळा, स्त्रियांचा निराळा.

मला वाटलें होतें कीं, आपण रोग्यांच्या उशाशीं बसूं, त्यांस धीर देऊं. पहिले दोन दिवस आम्हीं केवळ कपडे धुतले. हौदांत कांबळीं पायांनीं तुडवावयाचीं, दोघांनीं दोन्हीं टोकें धरून पिळावयाचीं, आणि गच्चीवर वाळत घालावयाचीं. एका कपड्याची घाण पाहून मला ओकारी आली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलों. त्या वेळीं आईच्या हातांवरच्या भेगा डोळ्यांसमोर आल्या. पण तो विचार मीं तेथेंच दडपून टाकला.

तिसऱ्या दिवशीं मला एका म्हाताऱ्यास भरविण्याचें काम मिळालें. त्याचेंहि अर्धें अंग गेलेलें होतें. मीं चमचा पुढें केला. त्यानें अन्न थुंकून टाकलें. दुसऱ्यांदा तसेंच. तिसऱ्या वेळीं त्यास जोराचा ठसका लागला आणि मी घाबरून उठलों. केरळांतून आलेले एक वयस्क सेवक जवळच होते. त्यांनीं प्रथम म्हाताऱ्यास उशांचा आधार देऊन ताठ बसविलें. मग माझ्या हातांतील वाटी घेऊन ते त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीस बसले. हनुवटी थोडी खालीं राहूं दिली. चमचा आधीं त्यास दाखविला. घांस लहान घेऊन तो तोंडाच्या चांगल्या बाजूस ठेवला आणि गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा घेतला. पातळ पाण्यानें अशा रोग्यास लवकर ठसका लागतो, म्हणून डाळभात दाटसर कालविलेला होता. हें सर्व करून त्यांनीं मला सहज हिंदींत विचारलें, "घरीं कोणास भरविलें नाहीं काय?"

मीं मान हलविली. त्यांनीं तो प्रश्न मला शिकवावयाचें आहे म्हणून विचारला होता. त्यांत टोंचणी मुळींच नव्हती. पण मला ती टोंचली.

त्या रात्रीं मीं आईस फोन केला.

"आजोबांस कोणत्या बाजूनें भरवितेस?"

"डाव्या. कां रे?"

"आणि घांस गिळल्याचें कसें कळतें?"

"गळ्याकडे पाहावें लागतें. घाई करून कसें चालेल?"

मला पुढें बोलवेना. जें शिकावयास मी देशाच्या दुसऱ्या टोकास गेलों, तें माझ्या घरच्या पलीकडच्या खोलींत दोन वर्षें रोज दोनदां चाललें होतें, आणि त्यास मी उशीर म्हणत होतों.

गुरुवारीं स्वयंसेवकांस सुटी असते. त्या दिवशीं आम्ही आगगाडीनें श्रीरामपुरास गेलों. तें आपल्या जिल्ह्यांतलें श्रीरामपूर नव्हे, हें हुगळीकांठचें. तेथें विल्यम केरी यांची कबर आहे. १७९३ सालीं बंगाल्यांत आलेल्या या मिशनऱ्यानें वैजनाथ पंडितांच्या साह्यानें आपल्या मराठीचा अभ्यास केला; त्याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं आणि मराठीतील नवा करार १८११ सालीं याच गांवीं छापला गेला. पाळकसाहेबांनीं हें सांगितलें, तेव्हां ऊर अभिमानानें भरून आला. परंतु त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. १७९४ सालीं केरींचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पुढें त्यांची पत्नी डॉरथी हिचें मन भ्रमिष्ट झालें आणि १८०७ सालीं मरेपर्यंत तें ताळ्यावर आलें नाहीं. एका खोलींत भाषांतराचें काम चाले आणि दुसऱ्या खोलींत ती आजारी असे. पाळकसाहेबांनीं केरींस दोष दिला नाहीं, आणि माझी तर तेवढी योग्यताच नाहीं. तरी परततांना गाडींत मी त्या दुसऱ्या खोलीचाच विचार करीत होतों.

घरीं आल्यावर मीं संध्याकाळचें भरविणें आपल्याकडे घेतलें. पहिल्या दिवशीं आजोबांनीं तोंड घट्ट मिटून घेतलें आणि अडखळत विचारलें, "तुझी आई कोठें आहे?" आठ दिवस असेंच चाललें. नवव्या दिवशीं त्यांनीं अर्धी वाटी खाल्ली. मला त्या वासाची किळस येण्याचें थांबलें, असें मी म्हणणार नाहीं; कित्येकदां येई. पण ती आली तरी हात थांबवूं नये, एवढें मात्र कोलकात्यास समजलें होतें. मार्च महिन्यांत आजोबा वारले. आईनें दोन वर्षें सेवा केली. माझ्या वांट्यास तीन महिने आले. त्या हिशेबांत आतां फेरफार होणार नाहीं.

ईस्टरच्या उपासनेनंतर ते वृद्ध गृहस्थ देवळाच्या पायरीवर भेटले. मीं म्हटलें, "त्या दिवशीं आपला प्रश्न खरा होता. मीं केवळ भाषण केलें." ते हंसले आणि म्हणाले, "मग पुन्हां जाणार नाहीं काय?" मीं सांगितलें, "जाणार. गेलों नसतों, तर मला माझें घर दिसलें नसतें. पण या वेळीं आधीं येथें काम करून जाणार."

त्याप्रमाणें तरुण संघानें आतां नियम केला आहे. ज्यास दूरच्या सेवेस यावयाचें असेल, त्यानें आधीं दोन महिने दर रविवारीं दुपारीं आपल्याच पेठेंतील एखाद्या अंथरुणास खिळलेल्या माणसाकडे जावें, म्हणजे घरच्या माणसांस चार घटका विसांवा मिळेल. अशा घरांची यादी करावयास आम्ही दारोदार फिरलों. त्या गृहस्थांच्या घरीं गेलों, तेव्हां आंतल्या खोलींत त्यांची पत्नी खाटेवर पडलेली दिसली. ती वर्षभर तशीच होती, आणि ते एकटे तिचें सर्व करीत होते. सभेंत त्यांनीं तो प्रश्न कां विचारला, हें आम्हां अकरा जणांपैकीं एकालाहि तोंवर समजलें नव्हतें.

यादींत पहिलें नांव त्याच घराचें आहे. विद्यार्थीमित्रांनो, आपल्यांपैकीं ज्यांस यावयाचें असेल, त्यांनीं रविवारीं उपासनेनंतर मला देवळाच्या पायरीवर भेटावें.