रंगी, मी बघत नाहीये!

लोकांकडे कुत्रा असतो, मांजर असते. शिकागोतल्या माझ्या वन बेडरूममध्ये रंगी आहे. मूळची येमेनकडची शॅमेलिऑन, म्हणजे चक्क सरडी! आई फोनवर म्हणायची, "अगं, काहीतरी नॉर्मल पाळ ना!"

गेल्या वर्षी रंगीने खाणं सोडलं. दिवसाढवळ्या डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसायची. एक्स-रे काढला, तर पोट अंड्यांनी गच्च. नर नसला तरी या माद्या अंडी घालतात. डॉक्टरांनी विचारलं, "किती खायला घालता?" मी अभिमानाने सांगितलं, "खाईल तितकं!" जास्त खाणं आणि जास्त ऊब म्हणजे जास्त अंडी, हे तेव्हा कळलं. ती पुरायला वाळू लागते, तीही मी ठेवली नव्हती. अंडी अडकली तर जीव जातो. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवस वाट बघायची ठरली. नाहीतर ऑपरेशन.

घरी टबात फूटभर ओलसर वाळू भरली. पण मी डोकावले की बाईसाहेब खणणंच थांबवायच्या. शेवटी पिंजऱ्यावर चादर टाकली आणि लॅपटॉप घेऊन किचनमध्ये जाऊन बसले. काहीच न करणं इतकं अवघड असतं?

दुसऱ्या संध्याकाळी वाळू पुन्हा सपाट, रंगी बारीक. उकरलं, तर 43 अंडी!

आता रातकिडे एक दिवसाआड, मोजून आणि कॅल्शियमची पूड लावून. आणि आई? फोनवर आधी विचारते, "आमची बाळंतीण कशी आहे?"