दाण्याची शिदोरी

मागच्या हिवाळ्यात आजी साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. आम्ही दोघींनी कच्चे शेंगदाणे भिजवून ओल्या फडक्यात बांधले. तीन दिवसांनी मोड आले!

“आजी, पानं नाहीत, ऊन नाही. मग हे खातात काय?”

“अगं, दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. तीच त्याची शिदोरी.”

शाळेत टीचरनी पुढचं सांगितलं. बी रुजू लागलं, की लायपेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तेलाचे लहान घटक करतं. इतर विकरं त्यांपासून साखर बनवतात. त्यावर कोंब वाढतो.

आजी परत गेली तेव्हा मी खूप रडले. मग ओट्यावर डबा दिसला. आत दाण्याचे लाडू होते. माझी शिदोरी!