विहिरीचा ठाव

तीस वर्षे मी पोरांना एकच शिकवण दिली : प्रश्न आला की उत्तर जिभेवर हवे. ‘ठाऊक नाही’ म्हणणारा माझ्या वर्गात बाकावर उभा राही. अशा मास्तराची मुलगी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुलाखतीला निघाली!

मनोरहून पहाटेच्या एस्.टी.ने पालघर गाठले, तेथून लोकलने चर्चगेट. वाटेत मी तिच्याकडून व्याख्या घोटून घेतल्या. होमी भाभांनी १९४५ साली संस्था काढली, हेही पाठ करवले. ते कोणी विचारलेच नाही.

लेखी परीक्षेतून निवडलेल्यांनाच तेथे बोलावतात आणि खडू देऊन फळ्यापाशी उभे करतात. तिला विचारले, “दोरीवाचून विहिरीची खोली कशी काढाल?”

“दगड टाकून वेळ मोजीन. दोन सेकंद लागले, तर सुमारे वीस मीटर.”

“आणि आवाज वर यायला वेळ नाही लागत?”

पोर गडबडली. मग म्हणाली, “हे मला सुचले नव्हते. जरा विचार करते.” एकाने धागा दिला; तो धरून तिने गणित पुढे नेले. खोली मीटरभर कमी भरली.

“नुसते उत्तर त्यांना नकोच होते, बाबा,” परतताना ती म्हणाली. “अडल्यावर मी काय करते, ते पाहत होते.”

निकालाला अवकाश होता. त्या संध्याकाळी मी आमच्या विहिरीत खडा टाकला. आवाजाची वाट पाहत उभा राहिलो, आणि बाकावर उभी केलेली पोरे एकेक करून आठवू लागली.